प्रायश्चित्तकाळातले बिनमांसाचे सूप मिळून येण्यासाठी काय करावे?

वसईची सून

सर्वांना नमस्कार.

आमच्या घरी प्रायश्चित्तकाळात (लेंटमध्ये), म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मटण आणि चिकन पूर्ण बंद असते, आणि सासूबाई मासळीही वर्ज्य करतात. यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे, म्हणजे मधले सहा रविवार वगळले तर बरोबर चाळीस दिवस. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट ही प्रार्थना करून आम्ही घरी परततो तेव्हा आठ वाजलेले असतात. त्या वेळी जड जेवण नको, म्हणून सूप आणि पाव किंवा तांदळाची भाकरी एवढेच घ्यायचे, असा सासऱ्यांच्या हयातीपासूनचा रिवाज आहे. एरवी वर्षभर मी कोंबडीची हाडे कुकरला लावून त्या पाण्यावर सूप करते. या चाळीस दिवसांत तो आधार नसतो आणि दर वर्षी माझे सूप फुळकवणी होते.

या वर्षी मी मनावर घेऊन आधीच भाज्यांचे पाणी काढून ठेवायचे ठरवले. फ्लॉवरचे दांडे, कोबीची बाहेरची पाने, दोन गाजरे, दोन बटाटे आणि एक ढोबळी मिरची असे सगळे कुकरमध्ये घालून पाच शिट्ट्या केल्या. झाकण काढले तेव्हा घरभर उग्र वास पसरला, पाणी गढूळ झाले होते आणि चवीला किंचित कडवट लागत होते. दाटपणासाठी त्यात मक्याचे पीठ कालवून घातले, तर सुती साड्यांना देतात तसली खळ तयार झाली. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्यांनी एक शब्दही न बोलता वाटी संपवली, आणि तेच मला जास्त लागले. उपवासाचे जेवण साधे असावे हे मला मान्य आहे, परंतु दिवसभर एका वेळच्या जेवणावर राहिलेल्या माणसापुढे रात्री जी वाटी ठेवायची, ती मन लावून केलेली असावी असे मला वाटते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की भाज्यांच्या पाण्यात नेमके काय घालावे आणि काय टाळावे, आणि मक्याच्या पिठाशिवाय सूप मिळून कसे येईल. आणखी एक शंका आहे. आमची एक नातेवाईक म्हणते की चिकनच्या चवीचा क्यूब पाण्यात विरघळवला तर त्यात मांसाचा तुकडा नसतो, म्हणून तो चालतो. हे बरोबर आहे का? पाणी एकदम जास्त करून ठेवता येत असेल तर किती दिवस टिकते, हेही जाणून घ्यायचे आहे.

जुना भटारी

ताई, मी ३१ वर्षे मुंबईतल्या हॉटेलांच्या भटारखान्यात काम केले आणि त्यातली पहिली नऊ वर्षे सूप आणि स्टॉकच्या, म्हणजे सूपच्या मूळ पाण्याच्या, चुलीपाशीच गेली. तुमचे काय चुकले ते तुमच्या वर्णनातच आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

फ्लॉवर, कोबी, नवलकोल आणि मुळा ही सगळी एका कुळातली भाजी आहे. त्यांच्यात गंधकाची संयुगे असतात आणि ती जितकी जास्त वेळ शिजतील तितका तो उग्र वास वाढत जातो. कुकरमध्ये झाकण बंद असल्यामुळे वास बाहेर पडायला वाट नसते, तो पाण्यातच मुरतो. बटाट्याचे पिष्ट सुटून पाणी गढूळ होते. हिरवी ढोबळी मिरची फार शिजली की कडवटपणा सोडते. म्हणजे तुम्ही घातलेल्या पाच भाज्यांपैकी स्टॉकच्या कामाचे एकटे गाजर होते. बीट घातले नाहीत हे बरे झाले, नाहीतर सगळ्याचा रंग लाल झाला असता.

स्टॉकसाठी कांदा, गाजर, टोमॅटो, लसूण, कांद्याची पात आणि थोडी सेलरी एवढ्यावर भर ठेवावा. सेलरी मिळाली नाही तर कोथिंबिरीच्या काड्या घ्याव्यात, मात्र त्या शेवटच्या दहा मिनिटांतच घालाव्यात. सगळे मिळून एक किलो वजन भरले तर दोन ते सव्वादोन लिटर पाणी पुरते. यापेक्षा जास्त पाणी घेतले की पुन्हा फुळकवणी होणार. सोबत दोन तमालपत्रे, आठ-दहा काळी मिरी आणि एखादी लवंग घालावी. मीठ मुळीच घालू नये, कारण पुढे तेच पाणी आटवायचे झाले तर खारट होईल. मीठ सूप करताना घालायचे.

आता ज्या गोष्टीने खरा फरक पडतो ती सांगतो. मांसाच्या स्टॉकला चव आणि रंग ज्या खरपूसपणातून येतो, तो भाज्यांतूनही काढता येतो, पण त्यासाठी वीस मिनिटे चुलीपाशी उभे राहावे लागते. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापवून कांदा आणि गाजर मोठे मोठे चिरून टाकावे आणि आच मध्यम ठेवावी. आधी कांदा पाणी सोडतो, मग काचेसारखा दिसू लागतो, मग कडा पिवळ्या होतात. याच ठिकाणी बहुतेक जण पाणी ओततात. त्या वेळी थांबावे. आणखी सात-आठ मिनिटांनी पातेल्याच्या बुडाला तपकिरी थर धरू लागतो आणि वास गोडसर होतो. तो थर काळा होण्याआधी त्यावर अर्धी वाटी पाणी शिंपडून उलथन्याने खरवडावा, म्हणजे तो सगळा विरघळून भाज्यांना लागतो. हे दोनदा करावे. त्यानंतर टोमॅटो घालून तो गळेपर्यंत परतावा आणि मग सगळे थंड पाणी एकदम ओतावे. एक कांदा सालासकट अर्धा कापून, कापलेली बाजू थेट तव्यावर ठेवून जवळजवळ काळी होईपर्यंत भाजला आणि तसाच पाण्यात सोडला, तर रंग सोनेरी येतो. आपल्याकडे वाटणासाठी कांदा विस्तवावर भाजतात, त्याच जातीची ही युक्ती आहे.

पाणी उकळू लागले की आच मंद करावी. भाज्यांच्या स्टॉकला ४० ते ४५ मिनिटे पुष्कळ झाली. हाडांना तासन्‌तास लागतात म्हणून लोक भाज्याही तासन्‌तास उकळत ठेवतात, आणि त्यात चव वाढण्याऐवजी मरते. गाळताना भाज्या दाबून पिळू नयेत, चाळणीत ठेवून पाणी आपोआप निथळू द्यावे.

एक बारकावा राहिला. १९०८ मध्ये तोक्यो येथील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि मांसाच्या रश्शात जी भरीव चव लागते तिचा उगम दाखवून दिला. टोमॅटोमध्ये, विशेषतः पिकलेल्या टोमॅटोच्या गरात, ग्लुटामेट भरपूर असते. सुकवलेल्या शिताके अळंबीत ग्वानिलेट नावाचा दुसरा घटक असतो आणि तो ग्लुटामेटची चव कित्येक पटींनी खुलवतो. म्हणून दोन-तीन सुकी अळंबी रात्रभर थंड पाण्यात फ्रिजमध्ये भिजवून ती त्या पाण्यासकट स्टॉकमध्ये घातली, तर फरक पहिल्या घोटाला कळतो. अळंबी महाग वाटली तर टोमॅटोचे प्रमाण वाढवावे.

दाटपणाविषयी मात्र आधीच मोकळेपणाने सांगतो. हाडे आणि कातडी शिजताना त्यांच्यातून जिलेटिन सुटते, त्यामुळे तो रस्सा ओठांना किंचित चिकटतो. कोणत्याही भाजीत जिलेटिन नसते. त्यामुळे भाज्यांचा स्टॉक कितीही चांगला केला तरी तो पातळच राहणार, दाटपणा दुसरीकडून आणावा लागतो. त्याबाबत येथे माझ्यापेक्षा जाणती मंडळी असतील.

पंचगंगाकाठची

वसईच्या ताईंना नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, पण आमच्याकडे श्रावणात महिनाभर मांस बंद असते, त्यामुळे तुमची अडचण माझ्या ओळखीची आहे. भटारीदादांनी शेवटी जो प्रश्न मोकळा सोडला, त्याचे उत्तर मला वाटते आपल्या प्रत्येकाच्या घरी आजीने देऊन ठेवले आहे. आपण त्याला स्टॉक म्हणत नाही एवढेच.

कोल्हापूरकडे मटण शिजवताना जे पाणी वेगळे काढतात त्याला अळणी म्हणतात आणि तांबडा-पांढरा रस्सा त्याच्याच जिवावर उभा राहतो. तसेच पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवताना जे पाणी काढतात तो कट. त्याच्या आमटीला आमच्या भागात कित्येक घरी येळवणी म्हणतात. मूग किंवा कुळीथ शिजवून निथळलेले पाणी म्हणजे कळण. कट आणि कळण हे दोन्ही बिनमांसाचे स्टॉकच आहेत, आणि त्यांना दाटपणा अंगचाच असतो, कारण डाळीतले पिष्ट आणि प्रथिने शिजताना पाण्यात उतरतात. बाहेरून पीठ कालवून आणलेला दाटपणा वेगळा लागतो, तो पाण्यावर लादल्यासारखा वाटतो. कटाचा दाटपणा पाण्यातच असतो.

कटासाठी एक वाटी हरभरा डाळ धुऊन दोन तास भिजवावी आणि सहा वाट्या पाण्यात, उघड्या पातेल्यात, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवावी. वर येणारा फेस पळीने काढत राहावे, तो ठेवला तर पाणी तुरट होते. डाळ बोटांनी दाबल्यावर सहज मोडू लागली की पाणी निथळून घ्यावे. पळी त्यात बुडवून उलटी धरली तर पाठीवर पातळ थर राहिला पाहिजे. राहिला नाही तर पळीभर शिजलेली डाळ घोटून पुन्हा त्यात मिसळावी. उरलेल्या डाळीचे पुरण करावे किंवा कांदा-लसूण घालून सुकी डाळ करावी, म्हणजे काही वाया जात नाही. होळी बहुधा तुमच्या याच दिवसांत येते, तेव्हा एखाद्या शेजारणीकडून कट मागून घेतलात तरी चालेल, पुरणपोळ्या करणाऱ्या घरी तो भांडेभर असतो.

पण तुमच्या सूपसाठी मी कुळीथ सुचवीन. कुळथात खडे असतात, म्हणून निवडून घ्यावेत. आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेकावे, आणि एक वाटी कुळथाला सात वाट्या नवे पाणी घालून कुकरमध्ये सहा-सात शिट्ट्या कराव्यात, मग आणखी दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावेत. निथळलेले कळण गडद तपकिरी दिसते, आणि अंधुक उजेडात मटणाचे पाणी कोणते आणि हे कोणते हे नुसते पाहून ओळखता येणार नाही. चवीला ते किंचित मातकट असते. लसूण ठेचून तेलात लाल करून फोडणी दिली आणि उतरवताना दोन आमसुले टाकली की तो मातकटपणा खमंगपणात बदलतो. कोकणात याचेच सार करतात आणि पावसाळ्यात, आजारपणात भाताबरोबर देतात. सासूबाईंना हे कळण पचायलाही जड जाणार नाही, फक्त कुळथाची साले गाळून घ्यावीत.

भटारीदादांच्या भाज्यांच्या पाण्याला मी नावे ठेवत नाही. उलट मला वाटते की अर्धे ते आणि अर्धे कळण असे एकत्र करावे, म्हणजे भाज्यांचा सुवास आणि कडधान्याचा दाटपणा दोन्ही साधतील. राजमा वापरणार असाल तर मात्र एक काळजी घ्यावी. तो भिजवलेले पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात चांगला खळखळून उकळल्याशिवाय मंद आचेवर ठेवू नये. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात, आणि त्याचे अर्धकच्चे पाणी सूपमध्ये अजिबात घेऊ नये.

धर्मशिक्षणवर्ग

मी आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अनेक वर्षे मुलांना धर्मशिक्षण देते, म्हणून क्यूबच्या शंकेपुरते लिहिते.

कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेतील कलम १२५० मध्ये मांसत्यागाच्या दिवशी मांस आणि मांसापासून केलेला रस्सा या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे निषिद्ध केल्या होत्या. अंडी, दूधदुभते आणि प्राण्याच्या चरबीची फोडणीसुद्धा मात्र चालत असे. पुढे पोप पॉल सहावे यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी प्रायश्चित्ताविषयीचे नियम नव्याने घालून दिले. त्यांत मांसाचा निषेध कायम राहिला, परंतु रश्श्याचा वेगळा उल्लेख उरला नाही. आज लागू असलेल्या १९८३ च्या संहितेतही मांस एवढाच शब्द आहे. त्यामुळे क्यूब विरघळवला तर नियम मोडला असे अक्षरशः म्हणता येणार नाही, आणि तुमच्या नातेवाईक बाईंचे म्हणणे त्या अर्थी अगदीच निराधार नाही.

तरीही मी तो वापरत नाही आणि वर्गातल्या मुलांनाही तसेच सांगते. आपण चाळीस दिवस ज्या चवीपासून दूर राहायचे ठरवले, तीच चव पुडीतून आणून ताटात ठेवली तर त्यागाचे काय उरले? शिवाय त्या क्यूबमध्ये मीठ फार असते, आणि ७४ वर्षांच्या माणसाला ते देताना एरवीही विचार करावा.

नियमाची आणखी दोन अंगे येथे सांगणे योग्य होईल, कारण घरोघरी त्यांची गल्लत होते. मांसत्याग आणि उपवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम १२५२ प्रमाणे मांसत्याग वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागू आहे आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. दिवसातून एकच पोटभर जेवण घेण्याचा उपवास मात्र सज्ञान झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच बंधनकारक आहे, आणि तोही राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोनच दिवशी. म्हणजे तुमच्या सासूबाई उपवास करतात तो त्यांच्या स्वेच्छेने आणि भक्तीने. त्यांनी त्या दिवशी दुपारीही वाटीभर सूप घेतले तर त्यात काहीही उणे येत नाही, हे त्यांना प्रेमाने सांगावे. त्या ऐकणार नाहीत, माझ्या आईनेही ऐकले नव्हते, पण सांगावे.

मासळीला नियमाची आडकाठी नाही. घरातली बाकी मंडळी मासळी खात असतील तर सुकटीचे किंवा सोड्यांचे पाणी उत्तम होते. सुकट कोरडीच भाजून, निवडून, पंधरा मिनिटे उकळून गाळली की पुरे. सासूबाईंचे पातेले मात्र वेगळे ठेवावे.

वालेन्सियातून

मी मूळची नाशिकची आणि गेली बारा वर्षे स्पेनमध्ये आहे. येथे प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी घरोघरी पोताखे दे विखिलिया नावाचे दाट सूप करतात. त्यात काबुली चणे, पालक आणि खारवलेला कॉड मासा असतो, आणि वर उकडलेले अंडे चिरून घालतात. कॉड न घालताही ते करतात, आणि मी तसेच करते. पंचगंगाकाठच्या ताईंनी कटाविषयी लिहिले ते वाचताना मला सारखे जाणवत होते की येथल्या बायकाही चण्याचे शिजवलेले पाणी एक थेंब वाया घालवत नाहीत, कारण सगळे सूप त्या पाण्यावरच असते.

मला सांगायचे आहे ते त्याच्या दाटपणाविषयी. येथे शिळ्या पावाची एक जाड चकती ऑलिव्ह तेलात दोन्ही बाजूंनी लाल तळतात, त्याच तेलात तीन-चार लसूणपाकळ्या आणि पाच-सहा बदाम तळून घेतात, आणि हे सगळे खलबत्त्यात कुटून, पळीभर चण्याच्या पाण्यात सैल करून, सूप उतरवण्याच्या दहा मिनिटे आधी पातेल्यात सोडतात. घरात उकडलेले अंडे असेल तर त्याचा पिवळा बलकही त्यातच कुटतात. पावाने सूपला जो दाटपणा येतो तो खळीसारखा गुळगुळीत नसतो, किंचित रवाळ असतो, आणि लसणीचा तळलेला वास शेवटपर्यंत टिकतो. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी पहिल्यांदा मला हे करून दाखवले तेव्हा त्यांनी पाव कुटण्याआधी तो मोडून त्याचा आवाज ऐकवला. कडकन मोडला तरच तो तयार, मऊ वाकला तर पुन्हा तेलात टाकायचा.

वसईत पावाला तोटा नाही. आदल्या दिवशीचे दोन पाव, लसूण आणि बदामाऐवजी भाजलेले शेंगदाणे घेतले तरी जमेल असे मला वाटते, शेंगदाणे मात्र थोडेच घ्यावेत, नाहीतर त्यांची चव वरचढ होते.

वसईची सून

सर्वांचे मनापासून आभार. काल शुक्रवार होता, आणि मी तुमच्या सगळ्यांच्या सूचना एकत्र करून पाहिल्या, म्हणून काय झाले ते सविस्तर कळवते.

गुरुवारी रात्री वाटीभर कुळीथ भिजत घातले. शुक्रवारी दुपारी कांदा, गाजर आणि सहा टोमॅटो घेऊन भाज्यांचे पाणी केले. भटारीदादा, कांदा परतताना तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी माझा हात खरोखरच पाण्याकडे गेला होता, मी तो मागे घेतला. बुडाला धरलेला थर खरवडल्यावर पाण्याचा रंग क्षणात चहासारखा झाला. अळंबी आमच्या बाजारात मिळाली नाही. कळण वेगळे काढून दोन्ही समप्रमाणात मिसळले, त्यात दुधी भोपळ्याच्या बारीक फोडी आणि मूठभर वालपापडीचे दाणे शिजवले, आणि शेवटी तळलेला पाव आणि लसूण कुटून घातले. शेंगदाणे घातले नाहीत, कारण कळणामुळे दाटपणा आधीच पुरेसा आला होता. पाव दोनऐवजी अर्धाच लागला. आमसुले मी दोन घातली होती, टोमॅटो असल्यामुळे एक पुरले असते असे वाटले.

सूप मिळून आले. दुधीच्या फोडी पाण्यात तरंगत नव्हत्या, वाटी हलवली की सगळे एकत्र हलत होते. चर्चमधून आल्यावर सासूबाईंनी पहिला घोट घेऊन विचारले की यात काय घातले आहे, आणि कुळीथ म्हटल्यावर त्या बराच वेळ त्यांच्या माहेरच्या चुलीविषयी बोलत राहिल्या. त्यांच्या आईचे कुळथाचे पाणी मातीच्या मडक्यात रात्रभर वैलावर असे, आणि सकाळी शेतावर जाणाऱ्यांना ते मिठाची कणी घालून मिळे. लग्न होऊन मला १९ वर्षे झाली, पण हे मी काल प्रथमच ऐकले. त्यांनी अर्धी वाटी आणखी मागून घेतली.

धर्मशिक्षणवर्गाच्या ताई, तुम्ही लिहिले ते मी त्यांना वाचून दाखवले. दुपारच्या सूपविषयी त्यांनी हसून मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची ते उत्तम शुक्रवारी कळेल. क्यूबचा विषय घरात संपला.

आता एकच प्रश्न उरला आहे. उरलेले पाणी मी कुकरमध्येच झाकून ओट्यावर ठेवले होते आणि आज सकाळी कळणाला आंबूस वास आला, म्हणून ते टाकून द्यावे लागले. भाज्यांचे पाणी मात्र फ्रिजमध्ये होते ते ठीक आहे. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात चर्चमध्ये रोज जाणे असते आणि मला तीन-चार दिवसांचे पाणी आधीच करून ठेवायचे आहे. ते कसे साधावे?

जुना भटारी

ताई, कळण टाकून दिलेत ते योग्यच केलेत. आंबूस वास आलेले पाणी उकळून वापरण्याचा मोह कधीही करू नये. कडधान्याच्या पाण्यात पिष्ट आणि प्रथिने असल्यामुळे ते भाज्यांच्या पाण्यापेक्षा लवकर बिघडते, आणि मार्चमधल्या वसईच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिलेले तर टिकणे शक्यच नाही. शिवाय झाकलेला कुकर आतली ऊब कित्येक तास धरून ठेवतो, आणि बिघडायला तीच कोमट अवस्था सर्वांत अनुकूल असते.

भटारखान्यात आमचा नियम होता की स्टॉक गाळल्याबरोबर त्याचे पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवायचे आणि पळीने ढवळत राहायचे. घरी धुण्याच्या टबात किंवा सिंकमध्ये गार पाणी आणि फ्रिजमधला बर्फ घालून तेच करता येते. पसरट भांडे घेतले तर आणखी लवकर निवते. गाळल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेलेच पाहिजे. अशा रीतीने ठेवलेले भाज्यांचे पाणी तीन ते चार दिवस चांगले राहते, कळण मात्र मी दोन दिवसांपलीकडे ठेवणार नाही.

पवित्र आठवड्यासाठी फ्रीझरचा उपयोग करावा. ज्या दिवशी हा आठवडा सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे २८ मार्चला, दोन्ही पाणी वेगवेगळे करून निम्मे होईपर्यंत आटवून घ्यावे. येथे मीठ न घालण्याचा फायदा कळतो. आटवलेले पाणी निवल्यावर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवावे आणि खडे झाले की पिशवीत काढून पिशवीवर तारीख लिहावी. दोन-तीन महिने ते चांगले राहते. सूप करताना जितके खडे घ्याल तितकेच पाणी वर घालायचे आणि मिश्रण पूर्ण उकळू द्यायचे, नुसते कोमट करून वाढायचे नाही. तळलेला पाव आणि लसूण मात्र त्या त्या दिवशी ताजेच कुटावे, गोठवल्यावर त्यांचा वास राहत नाही.

अळंबीसाठी मुंबईत येणे झाले तर क्रॉफर्ड मार्केटमध्ये चौकशी करावी, सुकवलेली अळंबी तेथे सहसा मिळते. एकदा आणलेली हवाबंद बरणीत वर्षभर पुरते.